चक्कीवरचे दळण आणि गावातले ताट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली एकतीस वर्षे मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका गावात पीठगिरणी चालवत आहे. आमच्याकडे तिला चक्की म्हणतात. चक्कीवर बसणाऱ्या माणसाला गावातल्या घराघरांतल्या ताटाची खबर न विचारता लागते, कारण आठवड्याचे दळण आधी त्याच्या हातून जाते आणि मग चुलीवर चढते. १९९४ साली मी दोन चक्क्या बसवल्या होत्या, एक ज्वारीसाठी आणि एक गव्हासाठी. त्या काळी दिवसभरात दहा डबे आले तर त्यांतले सहा-सात ज्वारीचे असत. गहू सणाला, पाहुण्यारावळ्याला किंवा पोळ्याच्या पुरणपोळीला दळला जाई. पुढे हे प्रमाण उलटत गेले आणि अकरा वर्षांपूर्वी ज्वारीच्या चक्कीचा पट्टा मी उतरवून ठेवला, कारण दिवसाला एक डबाही येईनासा झाला होता. तो पट्टा उतरला तेव्हा गावाच्या जेवणातून नेमके काय निघून गेले, हे मला फार उशिरा उमगले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कारण घडले ते असे. गेल्या वर्षी गावात महिलांची आरोग्य तपासणी झाली. शेजारच्या घरची सून, पाच महिन्यांची गरोदर, दळण घेऊन आली तेव्हा तिच्या हातात तपासणीचा कागद होता. हिमोग्लोबिन ८.४ होते, गरोदर बाईचे ते अकराच्या खाली जाऊ नये असे सांगतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही झाली होती आणि त्यात काही दोष निघाला नव्हता. (विदर्भात ही तपासणी आधी करून घेणे फार आवश्यक आहे, कारण इथे रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी जेवणातच सापडेल असे नसते.) नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि पालेभाजी, डाळ, शेंगदाणे खायला सांगितले होते. मी सहज विचारले की, माय, दिवसभरात तू खातेस काय? तिने जे सांगितले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. सकाळी चहा आणि दोन टोस. नऊ वाजता वावरात जाताना डब्यात दोन पोळ्या आणि आलूची भाजी. दुपारी तीनला वावरातून आल्यावर पुन्हा चहा. रात्री भात आणि वरण, तेही पातळ, कारण डाळ महाग. पालेभाजी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. आणि हे ज्या घरी घडते त्या घरी चार एकर जमीन आहे, दरवर्षी तूर होते आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी उगवते.

ही एका घराची गोष्ट असती तर मी पत्र लिहिले नसते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे माझ्या चक्कीवर डबा घेऊन येणाऱ्या दोन बायांपैकी एकीच्या आणि तिच्या पदराला धरून आलेल्या तीन लेकरांपैकी दोघांच्या अंगात पुरेसे रक्त नसण्याची शक्यता आहे. हा आकडा वाचल्यापासून डबा हातात घेताना मी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागलो आहे.

ज्वारी का गेली, याचे उत्तर गावातला कोणीही देईल. सोयाबीन आले, त्याचा पैसा एकरकमी हाती येऊ लागला आणि कपाशीसोबत तेच वावर व्यापून बसले. ज्वारी पेरायची तर सगळ्यांनी मिळून पेरावी लागते. शिवारात एकट्याचेच ज्वारीचे वावर असले की आसपासची सगळी पाखरे तिथेच उतरतात, आणि उरलेले रानडुकरे आणि रोही (नीलगायी) संपवतात. परतीचा पाऊस कणसावर पडला की दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुसरीकडे रेशनवर गहू आणि तांदूळ येऊ लागला, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तर तो फुकट मिळतो. गरिबाच्या घरी फुकटचे धान्य आले तर त्याने ते खाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या धान्याने कित्येक चुली पेटत्या राहिल्या आहेत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की ताटात जे आले त्याची नोंद झाली, जे गेले त्याची झाली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ज्वारीचे गुणगान करताना गव्हाला उगाच नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. गहू वाईट नाही. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात तंतू आणि लोह ज्वारीच्या तोडीचे असते. पण आमच्याकडे होते काय, तर “काकाजी, एकदम बारीक दळा” असे सांगून पीठ नेले जाते, घरी मैद्याच्या चाळणीने चाळले जाते आणि निघालेला कोंडा गाईच्या घमेल्यात जातो. पोळी पांढरी आणि मऊ होते खरी, पण धान्यातले जे घ्यायचे ते गाईला मिळते. तांदळाचे तर गिरणीतच पॉलिश होऊन येते. शंभर ग्रॅम ज्वारीत चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. म्हणजे सकाळी चाळलेल्या गव्हाची पोळी, दुपारी शाळेत लेकराला भात आणि रात्री घरी पुन्हा भात, असे चालले की पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि घाणीचे तेल यांचा आग्रह धरला होता. मी स्वतः विजेवर चक्की चालवणारा माणूस असल्याने जात्याकडे परत चला असे सांगणार नाही. पण पीठ थोडे जाडसर दळून घ्या आणि चाळू नका, किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळा, एवढे मी प्रत्येक डब्यामागे सांगतो, आणि हळूहळू काही घरांनी ते ऐकले आहे.

आता भाकरीविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. त्या सुनेला मी म्हटले, ज्वारी आण, मी दळून देतो. ती म्हणाली, “काकाजी, मले भाकर थापता नाही येत. फाटून जाते. मंग सासू बोलते.” तिच्या या एका वाक्यात आमच्या दोन पिढ्यांची हकिगत आली. ज्वारी वावरातून गेली, मग डब्यातून गेली, आणि शेवटी हातातूनही गेली. वीस-बावीस वर्षांच्या मुलींनी आईला भाकरी करताना पाहिलेच नसेल तर त्यांना दोष कसा देणार? आणि भाकरी फाटते यात बहुतेक वेळा हाताचा दोष नसतोच, पिठाचा असतो. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे तिचे पीठ ताजेच हवे. दहा-बारा दिवसांचे झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेने चिरत जाते. दुकानातले बंद पुड्यातले पीठ दोन-दोन महिन्यांचे असते. त्याची भाकरी मुरब्बी हातालाही जमत नाही, आणि नवीन शिकणारी मुलगी दोनदा प्रयत्न करून तो नाद सोडते.

म्हणून माझ्या पत्नीने तिला आमच्या घरी बोलावले आणि त्या दिवशी सकाळी दळलेले पीठ परातीत घेतले. पिठाच्या मधोमध आळे करून त्यात उकळीचे पाणी ओतले, उलथण्याने कालवले आणि झाकून ठेवले. हात सोसवेल इतके निवल्यावर तळहाताच्या बुडाने रगडून रगडून मळले, इतके की लोण्यासारखे मऊ व्हावे. पाणी उकळते असले म्हणजे पिठातला स्टार्च फुगतो आणि पिठाला धरण येते. थंड पाण्याने मळलेल्या पिठाला ते येत नाही. मग एका भाकरीपुरता गोळा घेऊन, खाली कोरडे पीठ भुरभुरून, बोटांनी कडेकडेने फिरवत थापला. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आणि वरून पाण्याचा हात, तो सुकायच्या आत उलटायची, आणि मग विस्तवाला लावायची. पहिल्या दिवशी तिच्या पाच भाकरींपैकी दोन जमल्या. आठव्या दिवशी भाकरी टम्म फुगली तेव्हा ती परातीवरून उठून बाहेर आली आणि ताटलीत ठेवून मला दाखवून गेली. त्या भाकरीचा पापुद्रा सुटून आत वाफ कोंडलेली होती आणि वरच्या बाजूला तिच्या चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

मी हे एवढे सविस्तर लिहितो, कारण सकस आहाराविषयी बोलणारी मंडळी काय खावे हे सांगतात, पण ते करायचे कसे आणि कोणी करायचे हे सांगत नाहीत. सकाळी सातला निंदणाला जाणाऱ्या बाईने पहाटे उठून सहा माणसांच्या बारा भाकरी थापाव्यात, हे सांगणे सोपे आहे. भाकरी एकेक करून थापावी लागते, पोळीसारखी लाटून रचून ठेवता येत नाही. आणि थंड झालेली भाकरी लेकरे खात नाहीत. म्हणून आमच्या घरी आम्ही नियम केला की भाकरी रात्रीची, आणि थापायला एक जण तर भाजायला दुसरा. भाजायला मी बसतो. गावातल्या पुरुषांनी तव्यापाशी पंधरा मिनिटे बसण्याने कोणाचेही काही कमी होत नाही. जिथे नवरा किंवा मुलगा भाजायला बसला, तिथे भाकरी टिकली. जिथे सगळे बाईवर टाकले, तिथे चार दिवसांत पुन्हा भात आला. माझ्या ओळखीच्या घरांत मला हे असेच दिसले आहे.

भाकरीसोबत डाळ हवी, कारण धान्यात ज्या प्रथिनांची उणीव असते ती डाळ भरून काढते. वरण-भात, चून-भाकर, खिचडी या आपल्या जोड्या काही उगाच पडलेल्या नाहीत. पण विदर्भात तुरीचे जे होते ते पाहून जीव तुटतो. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते, ती पोत्यानेच व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते आणि तोच शेतकरी जूनपासून किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ जास्त भावाने विकत आणतो. पूर्वी उन्हाळ्यात घरोघरी तूर भिजवून, वाळवून, तेलाचा हात लावून डाळ भरडली जाई आणि ती कडुनिंबाच्या पाल्यात पावसाळाभर टिके. पाच माणसांच्या घराला रोजच्या दोनशे ग्रॅमच्या हिशोबाने वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ लागते, म्हणजे साधारण एक क्विंटल तूर. तेवढी आधी घरात ठेवावी आणि मग उरलेली विकावी, असे माझे प्रत्येक कास्तकाराला कळकळीचे सांगणे आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे कठीण आहे हे मला ठाऊक आहे. तरी पेरणीच्या आधी बियाण्याची सोय आपण जशी कशीही करतोच, तशी डाळीची करावी. आणि ज्या दिवशी डाळ नाही त्या दिवशी बेसनाचे चून आहे, बरबटीची उसळ आहे, मुगवड्यांची भाजी आहे. कांदा, मिरची, लसूण फोडणीला टाकून चून शिजायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

पालेभाजीच्या बाबतीत आमची पिढी भाग्यवान होती. पावसाळा लागला की निंदणाला गेलेल्या बाया ओटीत तांदुळजा, घोळ, केना आणि कोवळा तरोटा घेऊनच घरी येत. अंबाडीची भाजी तर ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवत आणि वरून लसणाची फोडणी देत. त्यासोबत भाकर असली की दुसरे काही लागत नसे. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले जात आणि उरलेला पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जाई. आता निंदण फारसे राहिले नाही. वावरात तणनाशक मारले जाते आणि तणाबरोबर भाजीही जळते. जिथे उगवते तिथली खावी की नाही याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून फवारलेल्या वावरातली भाजी मी कोणालाही खा म्हणणार नाही. पण घरामागे सांडपाणी जिथे जाते तिथे दोन हात जागा प्रत्येकाकडे आहे. तिथे शेवग्याचे एक झाड, अंबाडीच्या आणि पालकाच्या दोन ओळी आणि भिंतीवर दोडक्याचा एक वेल लावला की पाच माणसांची आठवड्याची निदान तीन वेळची भाजी सुटते. साबणाचे पाणी मात्र त्यात सोडू नये.

भाजी शिजवताना काही साध्या गोष्टी पाळल्या तर त्याच भाजीचा दुप्पट उपयोग होतो. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली की सत्त्व पाण्यासोबत मोरीत जाते. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. शक्य असेल तर लोखंडी कढई वापरावी, तिच्यातले थोडे लोह भाजीत उतरते. फक्त शिजलेली भाजी तिच्यात ठेवून देऊ नये, विशेषतः अंबाडी किंवा चुक्यासारखी आंबट भाजी असेल तर. जेवताना ताटात लिंबाची फोड, कच्चा टमाटा किंवा आवळ्याचे लोणचे असावे, कारण भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला आंबटातले क जीवनसत्त्व मदत करते. आणि याच्या नेमके उलट काम चहा करतो. आमच्याकडे जेवणाच्या आधी चहा, जेवणानंतर चहा आणि कामावर चहा चालतो. जेवणाच्या आणि चहाच्या मध्ये निदान तासभर जाऊ द्यावा, आणि लोहाची गोळी तर चहासोबत कधीही घेऊ नये. त्या सुनेची गोळी रोज सकाळी चहाच्या घोटासोबतच पोटात जात होती. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

उपाशीपोटी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाऊन भूक मारणाऱ्या माणसांविषयी मी इथे फार लिहीत नाही. तो स्वतंत्र आणि फार दुःखाचा विषय आहे, आणि माझ्या वयाचे कितीतरी सोबती त्याने गेले.

लेकरांच्या खाऊविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. माझ्या चक्कीसमोर एक छोटे दुकान आहे आणि शाळा सुटली की तिथे पाच-पाच रुपयांच्या पाकिटांची रांग लागते. एके दिवशी मी तसे एक पाकीट विकत घेऊन त्यावरचे वजन वाचले. अठरा ग्रॅम. म्हणजे हा खाऊ पावणेतीनशे रुपये किलोच्याही वर गेला, आणि त्यात काय, तर मक्याचे किंवा तांदळाचे पीठ, पाम तेल, मीठ आणि मसाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा सरकारी हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, म्हणजे सदतीस रुपये किलो. आपण जे पिकवतो ते सदतीसने विकावे आणि लेकराच्या हातात पावणेतीनशेची हवा भरलेली पिशवी द्यावी, हे कोणत्या हिशोबात बसते? फुटाणे, भाजलेली फल्ली, गुळाचा खडा, ज्वारीच्या लाह्या, हंगामात बोरे, पेरू आणि संत्री, यांतले काहीही त्याहून स्वस्त पडते आणि अंगी लागते. दोष त्या दुकानदाराचा नाही, जे मागितले जाते तेच तो ठेवतो. मी त्याला माझ्याकडून लाह्या आणि फुटाण्यांच्या पुड्या बांधून द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यात फारशा खपल्या नाहीत, पण आता रोज वीस-पंचवीस जातात, कारण पुडी पाकिटाहून मोठी दिसते आणि मुलांना ते लगेच कळते.

तेल आणि मीठ यांबद्दल थोडक्यात लिहितो. आमच्याकडे तर्रीशिवाय रस्सा रस्सा वाटत नाही, आणि लग्नाकार्यात ती असू द्यावी. पण घरच्या रोजच्या जेवणात माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे तेल पुरते, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण तीन ते साडेतीन किलो. जागतिक आरोग्य संघटना मीठही दिवसाला पाच ग्रॅमच्या खाली ठेवा असे सांगते, म्हणजे भाजी, लोणचे, पापड, फरसाण सगळे धरून एक सपाट चमचा. घरात बीपीचा माणूस असेल तर खारोड्या आणि पापड रोज तळून वाढणे बंद करावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला असल्याचे म्हटले आहे. रक्तदाब आणि साखर हे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचे आजार आहेत असे आम्ही मानत होतो. आता माझ्याकडे दळण आणणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घरातून “साखर निघाली, ज्वारीचे दळून द्या” असे ऐकू येते. आजार निघाल्यावर आजोबांपुरती भाकरी होते आणि नातवंडांना मात्र भात वाढला जातो. ज्वारी हे आजाऱ्याचे पथ्य आहे असा समज घरात रुजला, तर मुलांना ती कधीच आवडणार नाही, आणि म्हणून ती सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी वाढली गेली पाहिजे.

आपल्या दैनिकामार्फत शासनाकडे माझे एक मागणे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळासोबत भरडधान्याचाही समावेश आहे; संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले ते भारताच्याच प्रस्तावावरून. तेव्हा प्राधान्य कुटुंबाला माणशी मिळणाऱ्या पाच किलो धान्यापैकी निदान एक किलो ज्वारी विदर्भातल्या रेशन दुकानांत बाराही महिने मिळावी, आणि ती हमीभावाने इथल्याच शेतकऱ्यांकडून खरेदी केलेली असावी. रेशनवर ज्वारी जाणार हे आधी ठाऊक असले तर गावातले दहा-वीस शेतकरी मिळून लगतची वावरे ज्वारीखाली आणतील, आणि पाखरांचे भय वाटले जाईल. कडबा मिळाला तर गुरे टिकतील, गुरे टिकली तर घरात ताक येईल. ताक हे आमच्याकडे कोणी कधी विकत घेत नव्हते. ज्याच्या घरी दुभते असे त्याच्या दारी शेजारच्या पोरी गडू घेऊन जात. शालेय पोषण आहारातही, जिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य धरलेले असते, आठवड्यातून एक दिवस तांदळाऐवजी ज्वारीची खिचडी किंवा उपमा व्हावा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्याचे सरपण, वेळ आणि मानधन वेगळे मिळावे, नाहीतर ते ओझे पुन्हा त्यांच्याच डोक्यावर जाईल.

शासन करेल तेव्हा करेल. मी माझ्यापुरते एवढे केले आहे की गेल्या दिवाळीनंतर ज्वारीच्या चक्कीच्या दगडांना टाकी लावून घेतली, नवा पट्टा चढवला आणि ती पुन्हा सुरू केली. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या मागे ज्वारी दळली की पीठ मिसळते आणि भाकरीची चव बिघडते, म्हणून ती वेगळीच लागते. पीठ ताजे राहावे यासाठी मी लोकांना पायलीभराऐवजी चार-पाच दिवसांपुरतेच दळण आणायला सांगतो आणि दोन किलोच्या दळणालाही नाही म्हणत नाही. पहिल्या गुरुवारी तीन डबे आले होते. गेल्या गुरुवारी एकोणीस आले. त्या सुनेचे बाळंतपण सुखरूप झाले, शेवटच्या महिन्यातल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन १०.६ भरले होते. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि भाकर-भाजीचा किती, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही तिने नेमाने घेतले. आता तिची धाकटी नणंद रविवारी दुपारी माझ्या पत्नीकडे भाकरी शिकायला येते आणि तिच्यासोबत शाळेतले आणखी तिघे असतात, त्यांत एक मुलगाही आहे. ज्वारीची चक्की गुरुवारी आणि रविवारी सकाळी सातपासून चालू असते. आसपासच्या गावांतून कोणी आले तर त्यांचेही दळण त्याच दिवशी करून मिळेल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक पीठगिरणीचालक
ता. आर्वी, जि. वर्धा